पहिलारू म्हैस लाथ मारते तेव्हा
भाऊ, पहिलारू म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली म्हैस लाथ मारते म्हणून काठी उगारू नका. घाबरली की ती पान्हा चोरते, म्हणजे दूध सोडत नाही, मग कितीही ओढा, सड कोरडेच. आधी रेडकू पाजा, पुढ्यात आंबोण (भिजवलेला खुराक) ठेवा, कोमट पाण्याने कास धुऊन हळू चोळा. सड फुगून ताठ झाले की पान्हा आला. तो ५-७ मिनिटंच टिकतो. तेवढ्यात मुठीने धार काढून मोकळे व्हा, अंगठा दुमडून नको. माझ्या म्हशीने आठवडाभर दुधाची चरवी उलथवली. वाकून पाहिलं तर मागच्या सडाला केसाएवढी चीर! खोबरेल लावत गेलो, चौथ्या दिवशी शांत उभी राहिली. गरीब जनावर अचानक लाथाळ झालं, कास गरम लागली, तर दगडी (कासेची सूज) समजून लगेच डॉक्टरांना बोलवा. पान्ह्याचं इंजेक्शन मात्र स्वतःच्या मनाने कधीच टोचू नका.