निळ्या पंपाने लगेच बरं वाटतं, मग कॅप्सूलवालं मशीन कशाला?

आईंना डॉक्टरांनी दम्यासाठी दोन इनहेलर दिलेत, आणि निळ्या पंपाने आराम पडतोय म्हणून त्या दुसरं, कॅप्सूलवालं, घ्यायला कंटाळतात, असं तुम्ही लिहिलंय. मी मेडिकलच्या काउंटरवर असतो. ‘फक्त निळा द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक रोजचंच.

निळ्यात बहुतेक सॅल्ब्युटामॉल असतं, म्हणजे अस्थालिन वगैरे. आवळलेल्या श्वासनलिका ते काही मिनिटांत सैल करतं, चार-सहा तास आराम देतं. आतली सूज मात्र तशीच राहते. ती उतरवतं ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारखं स्टेरॉइड. घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही, म्हणून लोक नेमकं तेच सोडतात! नुसत्या निळ्यावर दमा सांभाळू नये, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना 2019 पासून सांगताहेत. स्टेरॉइडच्या नावाला घाबरू नका. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि औषध थेट फुप्फुसात जातं. फक्त नंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो.

कॅप्सूलमध्ये नेमकं काय आहे ते डबीवर वाचा. रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक तो बदलतो. फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइड असेल तर त्यातलं फॉर्मोटेरॉल, म्हणजे श्वासनलिका सैल करणारं औषध, लवकर लागू पडतं, म्हणून काही डॉक्टर धाप लागल्यावरही तेच घ्यायला सांगतात. साल्मेटेरॉलवालं तसं चालत नाही, त्याला वेळ लागतो.

आता खरी गोम ओढण्यात आहे. पंप हलवायचा, श्वास सोडायचा, मग दाबता दाबता सावकाश आत ओढून दहा सेकंद रोखायचा. हे जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची पोकळ नळी, घ्या. वयस्कर माणसांना मी तोच सुचवतो. रोटाहेलरचं, म्हणजे कॅप्सूलवाल्या मशीनचं, उलटं: जोरात, खोल ओढायचं, कारण पावडर उडवायला तुमचा श्वासच लागतो. त्यात फुंकर मारू नका, ओलाव्याने पावडर चिकटते. पावसाळ्यात डबीचं झाकण घट्ट लावा. आणि हो, ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात, तेव्हा आईंना एकदा विचारूनच घ्या.

निळा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. जाताना दोन्ही इनहेलर न्या आणि आईंना तिथेच ओढून दाखवायला लावा.