आलेलं पाकीट परत का केलंस?

ताई,
मी 26 वर्षांची आहे, परिचारिका आहे. आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, एक गट दोन महिन्यांनी सहा आठवड्यांच्या मिशन दौऱ्यावर निघतोय आणि त्यात माझीही निवड झाली आहे. प्रत्येकाने आपापला खर्च उभा करायचा आहे. पाळकसाहेबांनी सगळ्यांना ओळखीच्या लोकांना पत्रं लिहायला सांगितलं. बाकीच्यांनी लिहिली, मी नाही. इंग्लंडमध्ये अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांनी माणसांपुढे कधी हात पसरला नाही, फक्त देवाकडे मागितलं. मलाही तसंच करायचं आहे. सुरुवातीला माझ्या काकांनी मोठी रक्कम दिली, तेव्हा वाटलं, सगळं मार्गी लागणार. त्यानंतर काहीच नाही. निम्मे पैसे अजून यायचे आहेत. मध्यंतरी प्रार्थनासभेनंतर मंडळीतल्या एका मावशींनी माझ्या हातात पाकीट ठेवलं होतं, पण त्या विधवा आहेत, लोकांकडे घरकाम करतात, म्हणून मी ते प्रेमाने परत केलं. रोज पहाटे उठून प्रार्थना करते. गटातली मुलं म्हणतात, नुसत्या विश्वासावर तिकीट निघत नाही. देव गप्प का आहे? माझा विश्वास कमी पडतोय का?
– वाट पाहणारी

प्रिय मुली,

देव गप्प नाही. प्रार्थनासभेनंतर त्याने तुझ्या हातात पाकीट दिलं आणि तू ते परत केलंस.

विश्वास, पत्रं, गटातल्या मुलांचे टोमणे, यावर तू भरभरून लिहिलं आहेस. मावशींना मात्र एका वाक्यात उरकलं आहेस. माझं मन त्या वाक्यातच अडकून राहिलं. दुसऱ्यांची भांडी घासून मिळालेल्या पैशातून त्यांनी काहीतरी बाजूला काढलं. कोणी सांगितलं नव्हतं. सभा संपेपर्यंत ते पाकीट जवळ सांभाळून ठेवलं, लोक पांगायची वाट पाहिली आणि मग तुझ्यापाशी आल्या. आणि तेच पाकीट घेऊन त्या घरी गेल्या. तू कितीही गोड बोलली असलीस, तरी त्यांना कळलं ते एवढंच असणार की या कामात आपले पैसे चालत नाहीत.

काकांनी रक्कम दिली तेव्हा तू थबकली होतीस का? पत्रात तसं काही नाही. तिथे देवाने पुरवलं, आणि मावशींचा हात पुढे आला तेव्हा तुला दया आली. म्हणजे देवाने कोणाच्या हातून द्यायचं, हे तू ठरवलंस, आणि आता पहाटे उठून त्यालाच विचारतेस की तू देत का नाहीस. मला याचा राग आला आहे, आणि तो मी लपवणार नाही.

म्यूलर यांचं नाव घेतलंस ते बरं झालं. त्यांनी माणसांपुढे हात पसरला नाही हे खरं. पण ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम काढायचा त्यांनी निश्चय केला, तेव्हा 1835 च्या डिसेंबरात काय घडलं ते तू वाचलेलं दिसत नाहीस. प्रकृतीने अशक्त, शिवणकाम करून आठवड्याला जेमतेम काही शिलिंग मिळवणारी एक बाई होती. तिच्याकडे वारशाने थोडे पैसे आले होते. त्यातले 100 पौंड तिने म्यूलर यांना देऊ केले. तेही कचरले, अगदी तुझ्यासारखेच. पण त्यांनी ते परस्पर नाकारले नाहीत. तिच्याशी बोलले, भावनेच्या भरात तर देत नाही ना, याची खात्री करून घेतली, तिचं म्हणणं नीट ऐकलं आणि पैसे घेतले. पुढे त्याच कामात 10,000 हून जास्त मुलं वाढली. आणि म्यूलर हिशोब कसा ठेवत, माहीत आहे? प्रत्येक देणगीला क्रमांकाची पावती. वर्षाच्या अहवालात सगळी नोंद छापलेली, लहान रकमेचीही, म्हणजे देणाऱ्याला आपला पैसा पोचल्याचं स्वतः पाहता यावं. त्यांचं न मागणं तू उचललंस. त्यांचं घेणं मात्र सोडून दिलंस.

(पंडिता रमाबाईंनीही म्यूलर यांचा वृत्तांत वाचून विश्वासाचा धडा घेतला होता, आणि त्याच्याही आधी, 1887 मध्ये, त्यांच्या शाळेला दहा वर्षं मदत करायला बॉस्टनमध्ये मंडळ उभं राहिलं, तेव्हा ती मदत त्यांनी मोकळ्या मनाने घेतली. देवावर भरवसा आणि माणसांची मदत या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात भांडल्या नाहीत.)

आता बायबल उघड. 1 राजे 17. दुष्काळात देव एलीया संदेष्ट्याला पाठवतो कोणाकडे? सारफथच्या विधवेकडे, जिच्याकडे मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडंसं तेल उरलं होतं. आणि एलीया तिला म्हणतो, आधी माझ्यासाठी एक लहान भाकर करून आण. तुझ्या हिशोबाने हे किती निर्दय! पण तिच्या मडक्यातलं पीठ संपलं नाही. मार्क 12 मध्ये एक गरीब विधवा मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकते. येशू पाहत बसला होता. तो उठून तिला ते परत देत नाही, शिष्यांना बोलावून तिचं देणं दाखवतो. लूक 8 मध्ये तर त्याच्या स्वतःच्या सेवेचा खर्च कोण चालवत होतं त्यांची नावंच दिली आहेत: मग्दालीया मरीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ बायका.

तू म्हणशील, गरिबांना लुबाडणारे उपदेशक असतातच की. असतात. विधवांची घरं गिळणाऱ्यांना येशूने मार्क 12 मध्येच, त्या दोन टोल्यांच्या लगेच आधी सुनावलं आहे. पण मावशींना कोणी आशीर्वादाची लालूच दाखवली नव्हती. त्या स्वतःहून आल्या. मासेदोनियातल्या मंडळ्यांबद्दल पौल लिहितो की त्या अतिशय गरिबीत होत्या, तरी आम्हालाही या देण्यात वाटा घेऊ द्या म्हणून त्यांनी आग्रहाने विनंती केली (2 करिंथ 8). पौलाने त्यांना बाजूला बसवलं नाही.

आणि यापेक्षाही मोठी काळजी मला तुझ्या त्या सहा आठवड्यांची वाटते. तू औषधं, पट्ट्या, तुझं शिक्षण घेऊन जाशील. तिथली माणसं बहुधा तुझ्याहून गरीब असतील. ती तुला घरात बोलावतील, चांगलं भांडं काढतील, मुलांच्या वाटणीचं तुझ्या पानात वाढतील. तेव्हा काय करशील? ‘नको, तुम्हालाच राहू द्या’ म्हणशील? येशूने सत्तर जणांना पाठवलं तेव्हा पिशवी घेऊ नका म्हणाला, आणि ज्या घरात उतराल तिथे पुढे वाढतील ते खा, असंही म्हणाला (लूक 10). ज्यांना सुवार्ता सांगायची त्यांच्याच भाकरीवर जगायचं होतं. त्यामुळे ते उपकार करणारे म्हणून कोणाच्या दारात उभे राहूच शकले नाहीत. तुझ्या तयारीत हे राहून गेलं आहे. गरिबाच्या हातून घेताना तुला अजून लाज वाटते, आणि ती लाज घेऊन तिथे गेलीस तर तू सगळ्यांना देशील, पण त्यांच्यातली कधीच होणार नाहीस.

म्हणून हे कर. येत्या रविवारची वाट पाहू नकोस, मावशींच्या घरी जा. फोनवर नको. सरळ सांग की मी चुकले, तुमचं पाकीट मला हवं आहे. परवडतं का, हे एकदा विचार, म्यूलर यांनी विचारलं तसं, आणि त्या जे उत्तर देतील ते मान. दिलं तर उघडून मोज, वहीत काकांच्या नावाखाली त्यांचं नाव आणि रक्कम लिही, पावती दे. पैसे आता दुसरीकडे लागले असतील, तर रोजच्या प्रार्थनेत माझं नाव घ्याल का, असं विचार. तिकडून त्यांना खुशाली कळवायचं कबूल कर, आणि तिथून पहिला निरोप त्यांनाच जाऊ दे.

तिकिटाचं त्या मुलांनी तुला ऐकवलं, त्यावर माझं एवढंच: पासपोर्ट आणि लसी पैसे पुरे होईपर्यंत थांबवून ठेवू नकोस. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली असावी, असा पुष्कळ देशांचा नियम असतो. तुम्ही जाणार तिथे पीतज्वराची लस लागत असेल, तर तिचा दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. ही कामं वेळेवर करण्याने विश्वासाला कुठेही धक्का लागत नाही.

ओळखीच्यांना पत्रं लिहावीत की नाही, हे मी आज सांगणार नाही. मावशींकडे जाऊन ये, त्या काय म्हणाल्या ते मला कळव, मग पत्रांचं बोलू.

तुझी,
ताई