कॉमन नाउन आणि प्रॉपर नाउन नेमके कसे ओळखायचे?

तुमचा मुलगा मराठी माध्यमात सहावीत आहे, ‘कॅपिटल असेल तर प्रॉपर नाउन, नाहीतर कॉमन’ हे त्याला पाठ आहे, तरी पेपरात चुकतं, असं तुम्ही लिहिलंय. चुकणारच. पेपरात वाक्य त्याला स्वतः लिहायचं असतं, तिथे बघायला कॅपिटल असतं कुठे? आधी नाम कुठलं ते ठरतं, कॅपिटल त्याच्या मागून येतं. मी बरीच वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेते आणि हा क्रम उलटा शिकवला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण मुलांना हा फरक मराठीतून आधीच येत असतो.

त्याला ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणायला सांगा: ‘सागराला भरती आली.’ ‘सागरला ताप आला.’ पहिल्यात समुद्र, दुसऱ्यात मुलगा. तसंच ‘प्रकाशाचा वेग’ आणि ‘प्रकाशचा डबा’. सामान्यनामाला, म्हणजे कॉमन नाउनला, आपण सामान्यरूप करतो (प्रत्ययाआधी ‘सागर’चं ‘सागरा’ होतं), माणसाच्या नावाला बोलताना बहुधा करत नाही. गावांच्या नावांना हे लागू नाही, ‘पुण्याला’ म्हणतोच आपण. पण मुद्दा असा की देवनागरीत कॅपिटल नसूनही सहावीतलं पोर इथे चुकत नाही. शब्द त्या प्रकारच्या सगळ्यांसाठी वापरलाय की एकाच कुणाचं नाव म्हणून, हे त्याच्या कानाला कळतं.

इंग्रजीत हेच काम बोलताना आर्टिकल, म्हणजे नामाआधीचं ‘अ’, ‘ॲन’ किंवा ‘द’, करतं. ‘आय सॉ अ रोझ’ म्हणजे गुलाबाचं फूल. ‘आय सॉ रोझ’ म्हणजे रोझ नावाची मुलगी. लिहिताना दुसऱ्या वाक्यात आर मोठा, पहिल्यात लहान. मात्र ‘द’ दिसला की कॉमन असं धरू नका. नद्या, समुद्र आणि डोंगररांगा यांच्या नावाआधी ‘द’ येतोच: द गोदावरी, द अरेबियन सी, द हिमालयाज. एकट्या शिखराला येत नाही, म्हणून कळसूबाई नुसतंच.

सगळ्यात जास्त गुण जातात ते ‘मदर’, ‘अंकल’, ‘डॉक्टर’ अशा शब्दांवर. इथे एक युक्ती हमखास चालते: त्या शब्दाच्या जागी खरं नाव घालून बघायचं. ‘आय टोल्ड मदर एव्हरीथिंग’, इथे मदरऐवजी सुनीता घाला, वाक्य नीट उभं राहतं. म्हणजे मदर हे नाव म्हणून वापरलंय, एम कॅपिटल. ‘माय मदर इज अ टीचर’ मध्ये सुनीता घातलं तर ‘माय सुनीता’ होतं, ते खटकतं. एम स्मॉल. ‘डॉक्टर’चंही तसंच. ‘द डॉक्टर केम’ यात डी लहान, ‘डॉक्टर आंबेडकर’ यात मोठा, कारण तिथे ती पदवी नावाचाच भाग झाली. ‘गेटवे ऑफ इंडिया’ बघा: गेटवे हा एरवी साधा शब्द, पण त्या एका वास्तूच्या पूर्ण नावात आला की जी कॅपिटल. मधला ‘ऑफ’ मात्र लहानच.

वार, महिने आणि ऋतू यांच्यापाशी तर्क संपतो. मंडे, जानेवारी कॅपिटल. समर, विंटर स्मॉल. असं का, हे पटवून देत बसू नका. हा रिवाज आहे, पाठच करावा लागतो. विषयांमध्येही मॅथेमॅटिक्स, सायन्स लहान, पण इंग्लिश आणि मराठी मोठे, कारण ती भाषांची नावं.

रिवाज बदलतोही. अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘लाइफ, लिबर्टी अँड द परसूट ऑफ हॅपिनेस’ असे शब्द आहेत. त्यात लाइफ, लिबर्टी, हॅपिनेस कॅपिटल आणि परसूट स्मॉल! त्या काळी महत्त्वाच्या सामान्यनामांनाही कॅपिटल देत. जर्मन भाषेत तर आजही प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं असतं. म्हणूनच ‘कॅपिटल म्हणजे प्रॉपर’ या पाठांतरावर माझा विश्वास नाही.

पुढे विज्ञानात एक गंमत भेटेल, ती आत्ताच सांगून ठेवा. आयझॅक न्यूटन हे प्रॉपर नाउन. पण बलाचं एकक ‘फाइव्ह न्यूटन्स’ असं लिहिताना एन स्मॉल, कारण शास्त्रज्ञाचं नाव आता मापाचं सामान्यनाम झालं. वॅट, व्होल्ट, अँपिअर यांचंही तेच. नुसतं चिन्ह लिहिताना मात्र एन, डब्ल्यू, व्ही कॅपिटल येतात. ‘डिग्री सेल्सियस’मधला सी शब्द पूर्ण लिहिला तरी मोठाच ठेवतात, तेवढा अपवाद.

सराव म्हणाल तर व्याकरणाच्या पुस्तकातल्या याद्या भरून घेण्यापेक्षा इंग्रजी पेपरातली एखादी छोटी बातमी द्या. मथळा सोडून द्या, तिथे पुष्कळ पेपर बहुतेक शब्दांना कॅपिटल देतात. वाक्याचा पहिला शब्द सोडा, आणि ‘आय’ सोडा, तो सर्वनाम असूनही कायम मोठा. उरलेल्या प्रत्येक कॅपिटलखाली रेघ मारून त्याने सांगायचं, हे कुणाचं किंवा कशाचं नाव आहे. ‘इंडियन’सारखा शब्द सापडला तर अडेल, कारण ते बहुधा नावापासून झालेलं विशेषण असतं, नाम नसतं. तिथे थांबून बोला त्याच्याशी, घाई करू नका. दुसऱ्या दिवशी तीच बातमी सगळी स्मॉलमध्ये उतरवून द्या आणि कॅपिटल त्याला घालू द्या. नेमकं कुठे अडतंय ते तुम्हाला तेव्हा दिसेल.