बिनसिमेंटच्या छोट्या स्टेमनं हाड मोडतं का?

प्रश्न : आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, आई ७४ वर्षांची, उजवा खुबा पार झिजलाय. डॉक्टर म्हणतात रिप्लेसमेंट करू, छोटं बिनसिमेंटचं स्टेम (मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवायचा धातूचा दांडा) टाकू, हाड वाचतं. पण आमच्या आत्याचं असंच ऑपरेशन झालं आणि तीन आठवड्यांत रात्री बाथरूमला जाताना पडली, स्टेमच्या बाजूनंच मांडीचं हाड मोडलं, परत टेबलावर. आता आई ऐकायलाच तयार नाही. छोट्या स्टेमचाच हा दोष का?

उत्तर : ताई, स्टेम छोटं होतं म्हणूनच मोडलं असं नाही म्हणता येणार. सिमेंटवालं स्टेम हाडात खास सिमेंट भरून बसवतात, ते त्याच दिवशी पक्कं होतं. बिनसिमेंटचं मात्र लाकडात पाचर ठोकतात तसं ठोकून बसवायचं, मग दीड-तीन महिन्यांत हाड त्याच्या खरखरीत अंगावर वाढून पकड घेतं. म्हणजे धोका दोनदा, ठोकताना तडा जाऊ शकतो (तेव्हाच दिसला तर तारेनं बांधून घेतात, बहुतेक निभावतं) आणि पकड यायच्या आधी पडलं की तीच पाचर हाड फाडते. छोटं स्टेम वरच्या भागातच धरतं, तिथलं हाड पापडासारखं असेल तर टेकायला खाली काही नाही.

म्हणून लांबी मोजत बसू नका, हाड बघा. डेक्सा (हाडाची घनता मोजायची तपासणी) करून घ्या, त्यातला टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ. एक्स-रेत मांडीच्या हाडाची पोकळी नरसाळ्यासारखी निमुळती आहे का पाइपासारखी सरळ रुंद, हेही डॉक्टरांना विचारा. पाइपासारखी असेल तर माझं मत सरळ सिमेंटचं. सिमेंट म्हणजे जुनाट असं आपल्याकडे उगाच झालंय हो, या वयाच्या बायकांत हाड मोडण्याचा धोका त्यानं कमीच होतो. फक्त सिमेंट भरताना बीपी पडू शकतं, हार्टचा त्रास असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. बिनसिमेंटचंच ठरलं तर कॉलरवालं (वर हाडाच्या कडेवर टेकणारी पट्टी असलेलं) मिळेल का विचारा, सुरुवातीचं फ्रॅक्चर टाळायला त्याचा आधार होतो. छोट्या स्टेमचा खरा फायदा तरुण पेशंटला, ज्याला पुढे परत ऑपरेशन लागू शकतं, आईला ७४ व्या वर्षी त्याचं काय एवढं?

आणि रात्री बाथरूमपर्यंत दिवा, वॉकर हाताशी, ओली फरशी नको. घरी आल्यावर मांडीत एकदम कळ आली, पाय आखूड वाटला, बाहेर वळला, तर उभं करून बघू नका, त्याच दिवशी एक्स-रे.