आई गेली, तरी डोळ्यांत टिपूस नाही

त्या आल्या तेव्हा हातात चिठ्ठी होती : 'ताणतणाव. समुपदेशन घ्यावे.' वय ४८, सांगली जिल्ह्यातलं शेतकरी घर. त्यांना शोभाताई म्हणू. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

"मॅडम, आई गेली तेव्हा आतून भडभडून येत होतं, पण डोळ्यांतून टिपूस गळलं नाही. धाकटी बहीण चार बायकांत म्हणाली, हिचं काळीज दगडाचं. खरंच तसं झालंय का माझं?"

मी आईविषयी विचारू लागले. त्या बोलत होत्या आणि दर दोन वाक्यांनंतर बाटलीतल्या पाण्याचा घोट घेत होत्या. घाबरलेल्या माणसाचंही तोंड कोरडं पडतं, म्हणून माझाही अंदाज आधी तिकडेच गेला, हे कबूल करते. मग जेवणाचं विचारलं. "भाकरी पाण्याशिवाय उतरत नाही. चुरमुरे तर टाळ्याला चिकटून बसतात." डोळ्यांत दीड वर्ष कचकच. वर्षभरात तीन दाढा किडलेल्या. बोटांचे सांधे सकाळी आखडतात. एवढं सगळं दुःखाच्या खात्यावर टाकायला माझं मन धजेना. मी त्यांना संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं.

संशय होता शोग्रेन सिंड्रोमचा. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर उलटते. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली आपल्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांचं वर्णन केलं होतं. आजही दहा रुग्णांत नऊ बायकाच असतात, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या. नेमकं तेच पाळी जाण्याचं वय, त्यामुळे 'या वयात होतंच असं' म्हणून सगळेच सोडून देतात.

"पण असला आजार मलाच कसा? लाखात एखाद्याला होत असेल ना?" नाही. कडक निकष लावले तरी लाखात साधारण साठ जण निघतात; सैल निकषांनी काही पाहण्यांत आकडा शंभरात एकापर्यंतही गेला आहे. साठच धरले तरी तीन लाखांच्या तालुक्यात दीडशेहून जास्त माणसं झाली.

रक्तातली 'अँटी-रो' तपासणी (या आजारात अनेकदा सापडणाऱ्या प्रतिपिंडांची) निगेटिव्ह आली तशा त्या माझ्याकडे परतल्या. "बघा, म्हणजे डोक्यातलंच आहे." हा गैरसमज फार जणांना होतो. बऱ्याच रुग्णांत ही तपासणी निगेटिव्हच येते. एका रिपोर्टवर हा आजार ठरत नाही आणि बादही होत नाही. त्यात त्या झोपेसाठी रोज ॲमिट्रिप्टिलिन घेत होत्या, त्यानेही तोंड आणि डोळे सुकतात. डॉक्टरांनी आधी ती गोळी हळूहळू बंद केली, मधुमेह आणि हेपटायटिस सी नाही ना हे पाहिलं, मग पुढे गेले.

खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात : पाच मिनिटांत पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर कोरडेपणा खरा. शोभाताईंची तीन भिजली. उरली ओठाची बायोप्सी. तिच्या नावानेच त्या दोन रात्री झोपल्या नाहीत. खालच्या ओठाच्या आतून, जागा बधिर करून, दाण्याएवढ्या काही लाळग्रंथी काढतात. कुणाला नंतर थोडा बधिरपणा राहतो. मी सोबत जाऊन बाहेर बसले. खरं तर समुपदेशकाचं हे काम नाही, पण गेले.

ग्रंथींत पांढऱ्या पेशींचे पुंजके सापडले. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत बायोप्सीला तीन गुण, पट्टीला एक; चार झाले की निदानाला बळ मिळतं. आता कृत्रिम अश्रूंचे थेंब, दातांसाठी फ्लोराइड, सांध्यांसाठी गोळी आणि ठरावीक काळाने तपासणी. गालाजवळची गाठ टिकून राहिली तर लगेच दाखवायचं, कारण थोड्या रुग्णांत पुढे लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, होऊ शकतो. हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही.

मागच्या भेटीत म्हणाल्या, "बहिणीला रिपोर्टचा फोटो पाठवला. तिचा फोन आला, नुसती रडत होती. मी आपली कोरडीच ऐकत बसले." आणि हसत बाटलीचं झाकण उघडलं.