वर्षाच्या आत यात्रेला गेलं तर चालेल का?

पितृपंधरवडा सरला आणि दिवाळीनंतरच्या यात्रांच्या जाहिराती लागल्या की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतोच. घरातलं माणूस जाऊन वर्ष झालेलं नसतं. कुणाची काशी ठरलेली असते, कुणाला लेकीकडे परदेशी जायचं असतं, कुणाला नुसतं वणीला जाऊन देवीचं दर्शन घ्यायचं असतं. "मॅडम, गेलं तर चालेल का?" विचारणाऱ्या बहुतेक बायकाच. पुरुषांचं दुखणं वेगळ्या शब्दांत येतं, "हिला न्यायचं राहिलं." कुठून कुठून लोक आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन नाशिकला येतात, आणि इथल्या बाईला मात्र उंबरा ओलांडायची धास्ती वाटते.

शास्त्रार्थ सांगणं माझं काम नाही. वर्षश्राद्धापर्यंत सणवार, मंगलकार्य, देवदर्शन टाळायची रीत अनेक घरांत आहे आणि तिचे नियम घरागणिक बदलतात. म्हणून मी आधी सांगते, घरच्या गुरुजींना स्पष्ट विचारून घ्या. पण "खुशाल जा" असं उत्तर मिळूनही बऱ्याच जणी पुन्हा माझ्यासमोर येऊन बसतात.

कुसुमकाकू त्यातल्याच. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.) काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, श्रावणात अचानक गेले. रामाने दशरथाचं श्राद्ध केलं असं मानतात त्या रामकुंडावर सगळं यथासांग झालं. भजनी मंडळाच्या बायका मार्गशीर्षात काशी-प्रयाग-गयेला निघाल्या होत्या, काकूंचं नाव त्यांनी परस्पर घालून टाकलं. गुरुजी म्हणाले, गयेला तर पितरांसाठीच जातात. मुलगाही जा म्हणाला. आड आल्या त्या मोठ्या जाऊबाई: "चार महिने नाही झाले आणि ही निघाली फिरायला!"

सुरुवातीच्या भेटी जाऊबाईंवरच गेल्या. ऐकून घेतलं. मग एकदा विचारलं, "काकू, उद्या जाऊबाईच म्हणाल्या की जा, तर?"

काकू थांबल्या. "तरी नाही जाणार."

"का बरं?"

"तिथे मला बरं वाटलं तर?"

अशा वेळी लोक चटकन म्हणतात, "अहो, तुम्ही आनंदी राहिलात तर काकांनाही आवडेल." मी हे म्हणत नाही. सांत्वन म्हणून ते ठीक, पण त्याने समोरच्याचं तोंड बंद होतं. पुढच्या वेळी काकांची प्रवासाशी संबंधित एखादी वस्तू घेऊन या, एवढंच सांगितलं.

त्या रेल्वेच्या आरक्षणाचा एक फॉर्म घेऊन आल्या. डायरीत जपून ठेवलेला, घडीवर विरलेला. गाडी महानगरी, नाशिकरोड ते वाराणसी. काकांचं सुवाच्य अक्षर, दोघांची पूर्ण नावं. वयाच्या रकान्यात ५९ खोडून ६१, तेही खोडून ६४. काकूंच्या नावापुढेही तशीच खाडाखोड. प्रवासाच्या तारखेची जागा कोरी.

"बघा, किती मनात होतं ह्यांच्या," काकू कौतुकाने म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. समुपदेशक बोलण्याचे पैसे घेतो असं लोकांना वाटतं. माझं बरंचसं काम गप्प बसण्याचं आहे आणि ते मला बरं जमतं. काकू त्या रकान्यावरून बोट फिरवत राहिल्या.

"तीनदा वय लिहिलं," त्या सावकाश म्हणाल्या. "तारीख एकदाही नाही."

आणि मग बांध फुटला. "आधी मुलीचं लग्न. मग घराचा हप्ता. प्रेस सुटली की जाऊ, म्हणाले. सुटल्यावर म्हणाले थंडी सरू दे. काशीस जावे नित्य वदावे, तसा नुसता वदतच राहिला हा माणूस! स्टेशन रिक्षाने दहा मिनिटांवर होतं हो!" त्या रडत होत्या, पण हे रडणं तेराव्याचं नव्हतं. त्यात चांगलाच संताप होता.

तिथे मला उलगडा झाला. भजनी मंडळाच्या बायका सहज जाऊन येतात ती काशी आपल्याला का झाली नाही, हा प्रश्न तिथे पाऊल ठेवल्यावर टळणार नव्हता. बरं वाटलं असतं तर काकांवरचा राग उघडा पडला असता. आणि गेलेल्या माणसावर रागवायची आपल्याकडे सोयच नाही. फोटोला हार चढला की नवरा देवमाणूस होतो. मग तो राग स्वतःकडे वळतो आणि 'मी कशी जाऊ?' होऊन बसतो.

मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१७ साली मांडलं की शोक म्हणजे गेलेल्या माणसात अडकलेलं मन हळूहळू सोडवून घेणं. मला ते कधी पुरतं पटलं नाही. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी दुसरी बाजू मांडली: नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. दरवर्षी पितरांना जेवायला बोलावणाऱ्या आपल्याला यात नवीन काही नाही. माझी त्यात एक भर आहे. नातं चालू ठेवायचं तर भांडणही चालू राहू द्यावं.

काकूंना मी तेच सांगितलं. फोटोसमोर बसा आणि जे बोलायचं राहिलं ते बोला. त्या सकाळच्या चहाला बोलायला लागल्या. पुढे त्यांनीच विचारलं, गयेला बाईने पिंड दिला तर? उत्तरही त्यांनीच दिलं. पंचवटीत वाढलेली बाई; फल्गूच्या काठी सीतेने दशरथाला वाळूचा पिंड दिल्याची कथा त्यांना माझ्याहून चांगली ठाऊक होती.

त्या जाऊन आल्या. "दशाश्वमेधावर आरती बघताना अर्धा तास हे आठवलेच नाहीत," म्हणाल्या. "आठवले तेव्हा म्हटलं, बघा, काय घालवलंत!"

तुमचाही प्रश्न हाच असेल तर स्वतःला विचारून पाहा, सगळ्यांनी परवानगी दिली तरी पाऊल उचलेल का? उचलणार असेल तर अडचण लोकांची आहे. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला आपल्या बाजूने बोलायला सांगा, सगळ्यांची समजूत काढत बसू नका. उचलणार नसेल तर काय बोलायचं राहिलंय ते शोधा. ते नेहमी रागच असेल असं नाही. कुणाची माफी राहिलेली असते, कुणाचं शेवटचं भेटणं. नुसतं घर खायला उठतं म्हणून पहिल्याच महिन्यात लांबच्या यात्रेला निघू नका, परत त्याच घरात यायचं असतं. आणि दुःखातल्या बाईला पितृदोषाची भीती घालून महागडा विधी गळ्यात मारणारा कुणी भेटला, तर तिथून उठा. श्रद्धेने विधी करणं वेगळं, धास्तीने करणं वेगळं.

एक मात्र लक्षात ठेवा. सहा महिने उलटूनही झोप, जेवण, रोजची कामं रुळावर येत नसतील, सगळा दिवस त्या माणसाच्या ओढीतच जात असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा; असा लांबलेला शोक जागतिक आरोग्य संघटनेनेही आजारांच्या वर्गीकरणात घेतला आहे. आपणही जावं असे विचार येत असतील तर सहा महिने काय, सहा दिवसही थांबू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्री-अपरात्रीही चालू असतो, मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.