वाचकांचे प्रश्न : लढाऊ रोबोचा गाभा

हातपाय बदलता येणारे लढाऊ रोबो आणि त्या सगळ्यांना चालवणारा एकच गाभा ही कल्पना जपानी खेळांतून आणि कार्टूनमधून आपल्याकडच्या मुलांपर्यंत केव्हाच पोचली आहे. त्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. डिचोलीच्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण तो प्रत्यक्ष करून बघण्याचा आहे.

प्रश्न : 'मेडारॉट'मधलं मेडल म्हणजे बॅटरी की मेंदू? घरात यावरून वाद आहे.
*– एक पालक, म्हापसा*

मेंदू. 'मेडारॉट' मुळात १९९७ साली गेमबॉयवर आलेला खेळ. कार्टून १९९९ मध्ये आलं आणि ते बाहेर 'मेडाबॉट्स' या नावाने पोचलं. त्यातल्या रोबोचे तीन थर आहेत. टिनपेट हा नुसता सांगाडा. त्यावर डोकं, उजवा हात, डावा हात आणि पाय असे चार भाग चढतात. षटकोनी मेडल पाठीत बसतं. स्वभाव, आठवणी आणि लढायची हातोटी मेडलमध्ये राहते, म्हणून सगळं अंग बदललं तरी रोबो तोच राहतो.

खेळाचे नियम या रचनेतूनच निघाले आहेत. प्रत्येक भागाचं चिलखत वेगळं मोजतात. हात मोडला तर त्या हाताची चाल गेली, डोकं मोडलं तर रोबोच थांबला. डोक्याची चाल एका लढतीत ठरावीक वेळाच वापरता येते. हरणाऱ्याने आपला एक भाग जिंकणाऱ्याला द्यायचा. मेडल कोणत्या प्रकारच्या चालीत मुरलं आहे ते वापरावरून ठरतं, म्हणून नेमबाजीत वाढवलेल्या मेडलला नुसते ठोसे मारणारे हात लावले की ते फिकं पडतं. मुलांनी हे लक्षात ठेवावं. भाग निवडताना आधी मेडल बघायचं, मग भागाची ताकद.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांकडून शाळेच्या प्रदर्शनासाठी असा रोबो करून घ्यायचा आहे. 'मेडल' खरोखर काढून दुसऱ्या रोबोत घालता यायला हवं. ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर) मुलांनी हाताळले आहेत.
*– एक शिक्षिका, डिचोली*

होईल. वजन दोन किलोच्या आत ठेवा, धारदार काही नको, हातांच्या टोकांना फोम लावा. डोक्याला एक, प्रत्येक हाताला दोन (खांदा आणि कोपर) आणि पायांत ३६० अंश फिरणारे दोन, असे सात सर्व्हो धरा.

आधी वीज, कारण बहुतेक रोबो तिथेच मरतात. एमजी९९६आर सर्व्हो अडला की ६ व्होल्टला सुमारे अडीच अँपिअर ओढतो. सातही एकदम अडले तर साडेसतरा. म्हणून ७.४ व्होल्टची २२०० एमएएचची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी), त्यापुढे १५ अँपिअरचा गाडीतला पात्याचा फ्यूज, आणि २० अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारा) ६ व्होल्टवर लावून. लायपो थेट सर्व्होला जोडू नका. भरलेली असताना ती ८.४ व्होल्ट देते, ते या सर्व्होला सोसत नाही. ईएसपी३२ साठी ५ व्होल्टचा वेगळा छोटा बक घ्या. तो वाचवायला गेलात तर हात उचलताक्षणी व्होल्टेज बसतं, ईएसपी३२ रीसेट होतो आणि मुलं प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. सर्व्होच्या ६ व्होल्टच्या तारांवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. दोन्ही पुरवठ्यांचा ग्राउंड मात्र एकच हवा.

हाताचं गणित मुलांकडूनच करून घ्या. हात २० सेंटिमीटर लांब. त्याचं १५० ग्रॅम वजन मध्यावर धरलं तर दीड किलो-सेंटिमीटर, कोपराचा ५५ ग्रॅमचा सर्व्हो मध्यावर म्हणजे अर्ध्याहून थोडं जास्त, टोकाला १०० ग्रॅमची मूठ म्हणजे दोन. एकूण चार. सर्व्हो ६ व्होल्टला अडेपर्यंत साधारण ११ देतो. निम्म्याच्या आत राहिलो, म्हणजे चालेल.

आता भाग बदलण्याची खुबी. प्रत्येक भागात २४सी०२ ही २५६ बाइटची छोटी ईईप्रॉम चिप (वीज गेली तरी लिहिलेलं टिकवणारी) बसवा. तिच्यात भागाचा प्रकार, वजन, लांबी, प्रत्येक सर्व्होचा किमान व कमाल कोन आणि शेवटी एक बेरीज-तपासणीचा बाइट लिहा. चिपच्या ए-शून्य आणि ए-एक या पत्त्याच्या पिना भागात न बांधता कनेक्टरमधून बाहेर आणा आणि धडाच्या बाजूने बांधा. डोक्याच्या खोबणीत दोन्ही ग्राउंडला, उजव्या हाताच्या खोबणीत ए-शून्य ३.३ व्होल्टला, डाव्यात ए-एक, पायांत दोन्ही. म्हणजे गाभ्याला, इथे धडातल्या ईएसपी३२ ला, हेक्साडेसिमल ५० वर डोकं, ५१ वर उजवा हात, ५२ वर डावा आणि ५३ वर पाय सापडतात. तोच हात उजवीकडून काढून डावीकडे लावला तरी तो कुठे आहे ते गाभ्याला आपोआप कळतं. चिप मात्र २४सी०२ च घ्या. दुकानात सहज मिळणाऱ्या २४सी१६ मध्ये या पिना काहीच करत नाहीत आणि चारही भाग एकाच पत्त्यावर ओरडायला लागतात. आयटूसीच्या (चिप आणि ईएसपी३२ ज्यांवरून बोलतात त्या) दोन्ही तारांना ४.७ किलोओहमचे पुलअप (तार ३.३ व्होल्टकडे ओढणारे रोध) एकदाच, धडात.

कनेक्टर दोन ओळींचा १५ पिनांचा डी-सब. तीन पिना ६ व्होल्टला, तीन ग्राउंडला, तीन सर्व्होच्या सिग्नलला, उरलेल्या चिपसाठी. व्हीजीएचा तीन ओळींचा दिसायला तसाच असतो, पण त्याच्या पिना बारीक, तो नको. चुंबकी पोगो (स्प्रिंगच्या) पिनांचा मोह टाळा. पहिल्याच धक्क्यात संपर्क सुटतो. आणि भाग बदलताना बॅटरी काढलेलीच हवी.

सर्व्हो चालवायला पीसीए९६८५ बोर्ड घ्या. त्याची ओई (सगळे आउटपुट चालू-बंद करणारी) पिन बहुतेक मॉड्यूलवर ग्राउंडकडे ओढलेली असते, म्हणून तिला १ किलोओहमने ३.३ व्होल्टकडे ओढा. चारही चिप वाचून बेरीज जुळली तरच ईएसपी३२ ने ती पिन खाली आणायची. असं केल्याने चालू करताना हात झटका देत नाहीत, आणि ओळख न पटलेला भाग जागेवरच राहतो.

आता मेडल. नाण्याच्या आकाराचा १३.५६ मेगाहर्ट्झचा एक किलोबाइटचा मायफेअर टॅग (जवळ धरून बिनतारी वाचायची चिप) आणि पाठीत आरसी५२२ वाचक. सगळा प्रोग्रॅम टॅगमध्ये मावणार नाही आणि मावायची गरजही नाही. टॅगमध्ये फक्त शिकलेलं ठेवायचं. समोरच्याचं अंतर तीन गटांत (जवळ, माऱ्यात, लांब), त्याची हालचाल तीन प्रकारची (येतोय, उभा, मागे सरतोय), आपल्या चाली पाच (मारा, आड, पुढे, मागे, वळ). तीन गुणिले तीन गुणिले पाच म्हणजे ४५ आकडे, प्रत्येक एका बाइटचा, सुरुवातीला सगळे १२८. चाल यशस्वी झाली तर निकाल २५५, फसली तर ०. निकालातून जुना आकडा वजा करून आठाने भागायचं आणि ते जुन्या आकड्यात मिळवायचं. दहातली एक चाल मुद्दाम आकडे न बघता निवडू द्या, नाहीतर पहिल्यांदा लागू पडलेली चालच रोबो कायम खेळत राहतो. अंतराला व्हीएल५३एल०एक्स सेन्सर चालेल, पण उघड्या मैदानात उन्हाने तो गोंधळतो. प्रदर्शन मंडपात सावलीत ठेवा. मार लागल्याचं कळायला छातीच्या पत्र्यामागे मायक्रोस्विच लावा आणि एकदा दाबला गेल्यावर पुढचे ५० मिलिसेकंद त्याकडे लक्ष देऊ नका.

टॅगच्या एका विभागात १६ बाइटचे तीन मोकळे खण असतात, म्हणजे ४८ बाइट. ४५ आकडे, लढतींची संख्या दोन बाइटांत, तपासणीचा एक. बरोबर बसतं. विभाग एकमधले खण ४, ५ आणि ६ वापरा. खण ७ ला हात लावू नका; तिथे विभागाच्या किल्ल्या असतात आणि त्यावर भलतंच लिहिलं तर तो विभाग कायमचा बंद पडतो. लिहायचं फक्त लढत संपल्यावर, एकदा विभाग एकमध्ये, पुढच्या वेळी दोनमध्ये. मध्येच बॅटरी निघाली तरी आधीची प्रत शाबूत राहते. पाठ ॲल्युमिनियमची असेल तर टॅग वाचलाच जाणार नाही. तिथे प्लॅस्टिक किंवा प्लायवूड लावा.

या सगळ्यात एक गोष्ट चुकवू नका. अंतर सेंटिमीटरमध्ये न साठवता हाताच्या लांबीच्या पटीत साठवा. ०.७ पटीच्या आत जवळ, १.२ पर्यंत माऱ्यात, पुढे लांब. लांबी भागाच्या चिपमध्ये आहेच. सेंटिमीटर साठवले तर २० सेंटिमीटरच्या हाताने शिकलेलं मेडल १२ च्या हातावर हवेत ठोसे मारतं. पटीत साठवलं तर ते नव्या अंगावरही कामाचं राहतं. मुलांना 'गाभा' ही कल्पना खऱ्या अर्थाने इथे कळेल, म्हणून दोन्ही करून दाखवा.

प्रश्न : मेडलमध्ये बोलणारं एआय, म्हणजे भाषा-मॉडेल घातलं तर?
*– एक अभियांत्रिकी विद्यार्थी, फर्मागुडी*

जागा पुरेल, वेळ पुरणार नाही. सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटांवर आणलं की साडेतीन जीबीच्या आसपास बसतं, म्हणजे ८ जीबीच्या रास्पबेरी पाय ५ वर चढेल. पण तिथे एका सेकंदाला मोजकेच शब्द निघतात, आणि समोरचा हात अर्ध्या सेकंदात छातीवर येतो. दोन थर करा. खालच्या थराने दर २० मिलिसेकंदांनी सेन्सर वाचून सर्व्हो हलवायचे. वरच्या थराने लढतीच्या मधल्या विश्रांतीत बोलायचं आणि फार तर डाव सुचवायचा. वरचा थर अडकला तरी खालचा चालू राहिला पाहिजे, आणि दोघांच्याही वर बॅटरीची तार तोडणारा, हाताने ओढायचा दुवा हवाच.

प्रश्न : आमच्या वाड्यावरच्या नरकासुराला (दिवाळीत जाळतात त्या पुतळ्याला) असा गाभा बसवता येईल का?
*– एक युवक मंडळ, मडगाव*

गाभा तोच चालेल, स्नायू वेगळे लागतील. बांबू आणि कागदाचा मोठा हात एमजी९९६आर उचलणार नाही. गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर घ्या. तिच्या वर्म गिअरमुळे वीज बंद झाली तरी हात खाली पडत नाही. बीटीएस७९६० ड्रायव्हर लावा, आणि हाताच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच लावल्याशिवाय मोटर चालवूच नका, कारण ती न थांबता बांबू मोडते. पहाटे जाळण्याआधी बॅटरी, मोटर आणि तारा काढून घ्यायची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाका. लायपो आगीत गेली तर विषारी धूर होतो, आणि भोवती लहान मुलं उभी असतात.

प्रश्न : विज्ञानकथा लिहिते आहे. गाभा हरवण्याची भीती वाचकाला वाटायला हवी. पण 'प्रत काढून ठेवायची होती' असं कोणीही म्हणेल. काय करावं?
*– एक लेखिका, पेडणे*

प्रत काढता येणार नाही असं नुसतं जाहीर करू नका, त्याला कारण द्या. खरं कारण उपलब्ध आहे. शिकलेले आकडे डिजिटल न ठेवता मेमरिस्टरसारख्या (आधी गेलेल्या विजेची आठवण ठेवणाऱ्या) घटकाच्या विद्युतवाहकतेत ठेवले, तर प्रत्येक घटक थोडा वेगळा निपजलेला असतो आणि शिकणं त्या वेगळेपणाशी जुळवून घेत घडतं. तेच आकडे दुसऱ्या चिपवर उतरवले तर वागणूक बदलते. एआय संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०२२ मध्ये अशा यंत्रांसाठी 'मर्त्य संगणन' ही कल्पना मांडली: ज्ञान त्या एका हार्डवेअरबरोबरच संपतं, आणि पुढे न्यायचं तर एका यंत्राने दुसऱ्याला शिकवावं लागतं. तुमच्या कथेला याहून चांगला पेच मिळणार नाही. जुना गाभा रोज थोडा थोडा बिघडतो आहे आणि नव्याला शिकवायला लढती मोजक्याच उरल्या आहेत. एक पथ्य पाळा: या घटकांतले आकडे काळाबरोबर सरकतात, म्हणून वर्षभर कपाटात पडलेला गाभा बाहेर काढल्यावर जसाच्या तसा दाखवू नका. त्याला ओळखीच्या चालीही थोड्या चुकू द्या.